लिफ्टच्या गाण्यातली बत्तिसावी मात्रा

बाळांनो, गेल्या शनिवारी तुम्ही दोघांनी मला जो प्रश्न विचारलात त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. त्याच्या आदल्या शनिवारी आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बावीस बायका एका रांगेत टाळ्या वाजवत होत्या आणि तुम्ही तिकडे कॅनडात बसून ते फोनवर पाहत होतात. धाकटा म्हणाला, “आजी, नेट स्लो असलं तर सगळेच स्लो होतात. तू एकटीच पुढे कशी होतीस?” मोठी म्हणाली, “तू फ्यूचरमध्ये होतीस.” भविष्यात मी नव्हते. मी बरोबर होते, आणि बाकीच्या एकवीस जणी ठरावानुसार चुकत होत्या. हे सविस्तर सांगायला हवं, कारण आणखी दोन वर्षांनी मलाच ते खरं वाटणार नाही.

तुमची आई हे वाचून दाखवील. मध्येच ती इंग्रजीत सांगायला लागली तर तिला थांबवा.

मूळ कारण आपला खेळ. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही ते लिफ्टचं गाणं शोधून काढलंत. तुम्हीच कशाला, साऱ्या जगानेच शोधून काढलं होतं. इथे कुवेतमध्ये मंगफच्या जमियात, म्हणजे सहकारी दुकानात, भाज्या घेताना तेच, टॅक्सीत तेच, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना तेच. गाण्यात एक मुलगी सांगते की तिचा तो लिफ्टमध्ये आहे, ती बाहेर आहे, आणि दार बंद होत आहे. एवढंच. नियम तुम्ही ठरवलात: गाणं माझ्या बाजूला लावायचं, मी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाळी वाजवायची, आणि चुकले की आऊट. आऊट झाले की “बाय आजी”.

मी दर शनिवारी पाचव्या टाळीला आऊट होत असे. पहिल्या चार बरोबर. पाचवी पडायची तेव्हा गाणं पुढे निघून गेलेलं असायचं. आधी आपला फोन अर्धा तास चालायचा, पुढे अकरा मिनिटांवर आला, नंतर चारवर. तुम्हाला दोष देत नाही. त्याच जागी दर वेळी आऊट होणारी आजी कुणी किती वेळ पाहील? पण त्या चार मिनिटांनंतर फोन ठेवताना मी ठरवलं की ही पाचवी टाळी मला यायलाच हवी. मी चोवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. न समजलेली गोष्ट तशीच सोडून पुढचा धडा घ्यायची मला सवय नाही.

मी आलेख वही आणली. एक चौकोन म्हणजे एक मात्रा. तुमचे आजोबा कंपनीतून स्टॉपवॉच घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले. पहिल्या ओळीत आठ मात्रा, दुसरीत आठ, तिसरीत आठ. चौथीत सात.

“तू एक मोजायची विसरलीस,” आजोबा म्हणाले.

“अहो, मी विसरत नाही.”

“मग बाई गायची विसरली असेल.”

आम्ही सहा वेळा मोजलं. दर वेळी एकतीस. पुढच्या कडव्यात पुन्हा एकतीस. आजोबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की पाइपलाइनमध्ये असं झालं असतं तर त्यांनी काम थांबवलं असतं. मग ते झोपायला गेले आणि मी त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहत बसले.

चौथ्या ओळीत सात मोजायचे हे कळलं म्हणून सात मोजता येत नाहीत. मी “सहा, सात” म्हणून पुढे “एक” म्हणायला जायची आणि माझे हात आपोआप आठव्यासाठी थांबायचे. लहानपणापासूनच्या साऱ्या आरत्या त्या हातांत बसल्या होत्या. आरतीत कुणी मात्रा गाळत नाही.

त्याच आठवड्यात एसीचा मेकॅनिक आला. तुम्ही त्यांना पाहिलं आहे. कार्यक्रमात ढोलकीवर बसले होते ते. संगमेश्वराकडच्या एका गावातले, शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये डक्ट बनवतात, सहा जणांबरोबर एका खोलीत राहतात आणि शुक्रवारी ओळखीच्यांचे एसी साफ करून देतात. ते स्टुलावर चढून जाळी काढत होते आणि मी खाली वही घेऊन टाळ्या वाजवत होते. पाचवी टाळी पडली आणि वरून आवाज आला.

“काकी, तुमी मोजताव कशाला?”

“मोजल्याशिवाय कसं कळणार?”

“मोजलं म्हणूनच पाय थांबला तुमचा.”

“मी हातांनी वाजवते आहे.”

“तीच तर गडबड हाय. हाताला काय कळतंय?”

ते खाली उतरले. गावी ते जाखडीत नाचत. मधे मृदंग वाजवणारा आणि गाणारे, भोवती घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचं रिंगण. त्यांनी आमचा सोफा मधे धरला, हातात स्क्रू ड्रायव्हर तसाच, आणि मला पुढे घालून सोफ्याभोवती चालायला लागले. गाणं लावलेलं होतंच. “आता रिंगणात पुढच्याची पाठ जवळ आली. मग काय करताव? थांबताव? थांबलात तर मागचा तुमच्यावर पडंल. चालत राहायचं. ह्या ओळीचं शेवटचं पाऊल हेच पुढच्या ओळीचं पहिलं. एक पाऊल दोघींचं. आठवं गेलं नाय काकी, ते पुढच्या ओळीनं घेतलं.”

आम्ही सोफ्याभोवती किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं नाही. चौथ्या की पाचव्या फेरीला माझं पाऊल आपोआप त्या जागी पडलं आणि टाळीही पडली. नेमके तेव्हाच आजोबा दार उघडून आत आले. त्यांनी पाहिलं की एसी उघडा आहे, जाळ्या जमिनीवर आहेत, आणि त्यांची बायको व एसीचा मेकॅनिक एकामागून एक सोफ्याभोवती फिरत आहेत.

“बिघाड कुठे आहे?” आजोबांनी विचारलं.

“चौथ्या ओळीत होता साहेब,” मेकॅनिक म्हणाले. “आता नाय.”

त्या शनिवारी मी पाचवी टाळी बरोबर वाजवली, सहावीही वाजवली, आणि नवव्या टाळीला आऊट झाले. तुम्ही दोघे ओरडलात. फोन सतरा मिनिटं चालला. मी तो आकडा वहीत लिहून ठेवला आहे.

आता सुरांचा भाग. नवव्या टाळीला मी का चुकले? तिथे पोचेपर्यंत मला असं वाटायचं की गाणं दुसरंच काहीतरी सुरू झालं आहे. गाणारी मुलगी एकच सूर धरून असते, पण तोच सूर अचानक दुसऱ्या रंगाचा वाटतो, आणि त्या आश्चर्यात टाळी राहून जायची. आपल्याकडे पेटी गाणाऱ्याच्या मागून जाते, म्हणून मला हे कळेना. खालच्या मजल्यावर एक गोव्याच्या बाई राहतात. त्या चर्चच्या गायनवृंदात आहेत आणि आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो, म्हणून अजून मला टीचर म्हणतात. तुम्ही इथे सोडून गेलेला तो छोटा कीबोर्ड त्यांच्यासमोर ठेवला. त्यावरचं लाल बटण दाबलं की गाय हंबरते, हे मी त्यांना आधी सांगायला विसरले.

गाय हंबरून झाल्यावर त्या म्हणाल्या, “टीचर, तू पंचम धर. काहीही झालं तरी सोडू नको.”

मी “प” धरला. त्यांनी माझ्या खाली सा, ग आणि प अशा तीन पट्ट्या एकदम दाबल्या. छान, स्वच्छ, सकाळसारखं वाटलं. मग त्यांनी बोटं सरकवली आणि कोमल ग, प आणि कोमल नी दाबले. माझा सूर तोच होता, तरी माझ्याच घशातून कुणी दुसरी गाते आहे असं वाटून मी गप्प बसले.

“सोडला ना? तुझा सूर बदलला नाही. तू ज्यांच्यात उभी आहेस ती माणसं बदलली. आधी तू तीनांत सगळ्यात वर होतीस. आता तू मधली.”

हे मला लगेच समजलं. घरी मी आजी, त्यांच्या घरी टीचर, मंडळात सचिव. बाई एकच.

“आणि हे बदलतं कुठे?” त्यांनी विचारलं. मी वहीत दाखवलं. दुसरं कडवं संपतं तिथे, बरोबर त्या रिकाम्या चौकोनावर. मुलगी तोच सूर लांबवते आहे, तो संपून ती श्वास घेणार, त्या श्वासाची जी मात्रा असायला हवी तीच गाळली आहे, आणि खालच्या पट्ट्या तेवढ्यात बदलून मोकळ्या.

“पण असं का केलं असेल?”

त्यांनी माझ्याकडे, मी माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहत असे तसं पाहिलं. “टीचर, लिफ्टचं दार बंद होतंय. श्वास कोण घेणार?”

मी घरी येऊन वहीत त्या चौकोनावर एक छोटं दार काढलं.

इथपर्यंत सारं ठीक होतं. पुढच्या महिन्यात मंडळाने वार्षिक कार्यक्रमासाठी तेच गाणं निवडलं. बावीस बायका नऊवारीत, प्रत्येक ओळीला एक टाळी आणि एक गिरकी, ढोलकीवर आपले मेकॅनिक. पहिल्याच तालमीत सगळ्या जणी पाचव्या टाळीला एकमेकींवर आदळल्या. आमच्या अध्यक्षबाई बँकेत मोठ्या जागेवर आहेत आणि चूक राहू देत नाहीत. त्यांनी गाणं पुन्हा लावलं, बोटांवर मोजलं आणि जाहीर केलं की गाण्यात मात्रा कमी आहे.

मी म्हणाले, “कमी नाही. ती तशीच आहे.”

“म्हणजे तशीच कमी आहे,” त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या घरी सभा झाली. साबुदाणा वडे होते. सभेचं इतिवृत्त मीच लिहिते, म्हणून शब्द अचूक देऊ शकते: “सदर गीताच्या चौथ्या ओळीत एक मात्रा कमी असल्याचे निदर्शनास आल्यामुळे ती मंडळातर्फे भरून देण्यात यावी.” सूचक अध्यक्षबाई. अनुमोदक त्यांचे यजमान, जे संगणकाच्या कंपनीत आहेत आणि ज्यांनी ती मात्रा भरण्याची जबाबदारी स्वीकारली. मी उठून दाराविषयी बोलले, श्वासाविषयी बोलले, कोमल गंधाराविषयी बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं.

एक जणी म्हणाल्या, “वहिनी, तुमचं सगळं खरं. पण ते गाणं करणारे लोक काही आपला कार्यक्रम करायला येणार नाहीत.”

“ढोलकीवाल्यांना तरी विचारा,” मी म्हणाले.

“ते सभासद नाहीत,” अध्यक्षबाई म्हणाल्या. ते खरं होतं. आमच्याकडे सभासदत्व कुटुंबाचं असतं, आणि त्यांचं कुटुंब गावी आहे.

मतदान झालं. बाजूने एकोणीस, विरुद्ध एक. विरुद्ध मत माझं, हे मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. आजोबा तटस्थ राहिले. घरी येताना गाडीत ते म्हणाले, “इंजिनियर म्हणून मी बत्तीसच्या बाजूने होतो. नवरा म्हणून तटस्थ.”

यजमानांनी मात्रा भरली. खरं सांगायचं तर काम स्वच्छ होतं. मुलगी गाते, सूर थांबतो, एक ठोका पडतो, मग पुढची ओळ. लिफ्ट दार उघडं धरून सभ्यपणे उभी राहते. एवढा वेळ मिळाला तर तो बाहेर येऊन चहा घेऊन जाईल. मी सहा तालमींत ती बत्तिसावी मात्रा वाजवली, कारण मी सचिव आहे आणि ठराव हा ठराव असतो. मेकॅनिकही वाजवत. एकदा ते मला हळूच म्हणाले, “काकी, हात जातो तिकडं, पण राजीखुशीनं नाय जात.”

याचा परिणाम काय झाला ते तुम्हाला आठवत असेल. त्या दीड महिन्यात मी आपल्या खेळात पुन्हा पाचव्या टाळीला आऊट व्हायला लागले. माझ्या हातांना आता दोन गाणी येत होती आणि ती एकमेकांत मिसळत होती. सतरा मिनिटांचे नऊ झाले. मग सहा.  धाकट्याने फक्त विचारलं, “आजी, तू ट्राय करतेस ना?”

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी पाचला होता, म्हणजे तुमची सकाळ. आजोबा पहिल्या रांगेत फोन धरून बसले होते, त्यात तुम्ही दोघे पायजम्यात. मी रांगेत उजवीकडून तिसरी. पडदा उघडायच्या आधी अध्यक्षबाईंच्या यजमानांनी पेन ड्राइव्ह साउंडवाल्याच्या हातात दिला. साउंडवाला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, गृहस्थ होता. पेन ड्राइव्ह उघडेना. त्याने तो फुंकला, शर्टाला पुसला, उलटा घालून पाहिला. मग त्याने स्वतःचा फोन काढला.

“धिस साँग? लिफ्ट? आय हॅव.”

“नो नो,” यजमान म्हणाले, “अवर्स हॅज वन मोर.”

“सेम सेम,” तो म्हणाला आणि लावून मोकळा झाला. पडदा उघडला.

अध्यक्षबाई रांगेच्या टोकाला उभ्या राहून, तालमीत करत तसं, दबक्या आवाजात मोजत होत्या. चार टाळ्या सगळ्यांच्या एकत्र पडल्या. मग चौथी ओळ संपत आली. त्या एका क्षणात मला रांगही ऐकू येत होती आणि गाणंही. डावीकडे बाई म्हणत होत्या, “सात, आठ.” समोर आजोबांच्या हातात तुम्ही दोघे होतात. मी मोजणं सोडलं. त्या नऊवारीत, त्या रांगेत, मी मनाने सोफ्याभोवती चालायला लागले, आणि पाऊल पडलं तिथे टाळी वाजवली. ती एकटीच वाजली. मागून ढोलकीही बरोबर त्याच ठिकाणी पडली. मी वळून पाहिलं नाही, पण ढोलकी हसते तेव्हा मला कळतं.

एका मात्रेने उशिरा एकवीस टाळ्या आल्या.

पुढचं सगळं गणिती आहे. त्या बत्तीस मोजत होत्या आणि गाणं एकतीसचं होतं. दुसऱ्या कडव्यात त्या एक मात्रा मागे, तिसऱ्यात दोन, चौथ्यात तीन. गिरक्याही तशाच. मी वळून उभी राहिले की शेजारीण वळायला निघायची, आणि आम्ही दर ओळीला एकमेकींना नव्याने भेटल्यासारख्या समोरासमोर येत होतो. पाचव्या कडव्याला त्या बरोबर मधोमध होत्या, माझ्या टाळीच्या अगदी उलट जागी. प्रेक्षकांना वाटलं की हे मुद्दाम बसवलं आहे. कुणीतरी शिट्टी वाजवली. अध्यक्षबाई ढळल्या नाहीत. ठराव मंजूर झालेला होता, त्या त्याप्रमाणे मोजत राहिल्या. रांगेतल्या बाकीच्या जणी त्यांच्याबरोबर राहिल्या, याचं मला आजही कौतुक वाटतं. इतक्या शिस्तीने चुकणं सोपं नाही.

आणि मग नववं कडवं आलं. तोपर्यंत त्या पूर्ण आठ मात्रा मागे पडल्या होत्या, म्हणजे बरोबर एक ओळ. त्यामुळे त्यांची टाळी आणि माझी टाळी पुन्हा एकाच क्षणी पडली. गाणं त्या कडव्याला संपतं. बावीस टाळ्या एकदम वाजल्या, दिवे गेले, सभागृह उठून उभं राहिलं.

पडद्यामागे अध्यक्षबाई घामाघूम होत्या आणि फार आनंदात होत्या. “बघा वहिनी,” त्या माझा हात धरून म्हणाल्या, “शेवटी बत्तीसच बरोबर निघाले की नाही? फक्त मधे तुमचा आणि ढोलकीचा ताल जरा सुटला.”

 मेकॅनिक ढोलकीच्या दोऱ्या सैल करत होते. ते मान खाली घालून म्हणाले, “व्हय, सुटला खरा.” मग आम्ही दोघे इतके हसलो की मला खुर्चीवर बसावं लागलं.

पुढच्या सभेत मंडळाने असा निष्कर्ष काढला की मधला गोंधळ सभागृहातल्या प्रतिध्वनीमुळे झाला. तोही मी लिहिला. विरुद्ध मत नोंदवलं नाही. वडे गार होत होते.

तर बाळांनो, नेट ठीक होतं आणि मी भविष्यात नव्हते. त्या दिवशी मी छत्तिसाच्या छत्तीस टाळ्या वाजवल्या आणि आऊट झाले नाही. तुम्ही मोजल्या नसतील तर आजोबांच्या फोनमध्ये व्हिडिओ आहे. मोजून पाहा आणि माझ्याशी वाद घाला. गेल्या शनिवारी नेट की भविष्य यावरून तुम्ही जो वाद घातलात तो चाळीस मिनिटं चालला.

इथे कुवेतमध्ये मंडळातल्या बायकांच्या फोनांत ते गाणं अजून बत्तीस मात्रांचं आहे आणि ठराव रद्द झालेला नाही. आपल्याकडे शनिवारी ते एकतीसचं असतं.